बन्सीआप्पांनी तोललेला चार्जर

बन्सीलाल पाटील, म्हणजे बाजारातले बन्सीआप्पा, कुठल्याही गोष्टीबद्दल मत देण्याआधी ती हातात घेऊन बघतात. नंदुरबारच्या मिरची बाजारात वजनकाट्यावर लिपिक म्हणून त्यांची हयात गेली. मूठभर मिरची उचलली की ते सांगतात, यावर काल संध्याकाळी पाणी मारलंय. कापसाच्या गाठोड्याला नुसता हात लावून दगड कुठल्या कोपऱ्यात आहे तेही सांगतात. रमिलाबाईंना पाहायला गेले होते तेव्हा त्यांनी मुलीकडे कमी आणि हातातल्या कपबशीकडे जास्त वेळ पाहिलं, असं त्यांच्या सासुरवाडीला अजून सांगतात. कपबशी चांगली जड निघाली आणि लग्न जमलं. संसार बरा झाला, त्यामुळे या पद्धतीवरचा त्यांचा विश्वास कधी ढळला नाही.

तर अशा माणसाच्या घरी यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आणि जावई आले. काजलची लग्नानंतरची ही पहिली आखाजी. खानदेशात पहिल्या आखाजीला लेक माहेरी नसली तर शेजारीपाजारी तोंडाने काही बोलत नाहीत, पण नजरेने सगळं बोलून घेतात. जावई कुंदन मूळचा लोणखेड्याचा, नोकरी पुण्याला संगणकाच्या कंपनीत. त्याला सुट्टी मिळाली नव्हती, पण घरून काम करायची परवानगी मिळाली होती. म्हणजे लॅपटॉप चालू राहील तोवर जावई राहणार, आणि जावई राहील तोवर लेक राहणार. बन्सीआप्पांनी हा हिशोब मनातल्या मनात मांडला आणि घरातला एकमेव भरवशाचा प्लग, ज्यावर कूलर चालायचा त्याच्या शेजारचा, जावयाला देऊन टाकला.

त्या प्लगमध्ये कुंदनने जो चार्जर लावला तो बघायला आप्पा वाकले. दोन काडेपेट्या एकीवर एक ठेवाव्यात, एवढासा तो. त्यावर लॅपटॉप चालला होता, कुंदनचा मोबाईल चालला होता आणि काजलचाही. आप्पांनी सहज म्हणून तो उपसून हातात घेतला. हात खाली गेलाच नाही.

"पाव्हना, हाऊ इतला हलका कसा?" त्यांनी जमेल तितक्या सहजपणे विचारलं.

"मामा, हाऊ नवा जातना शे," कुंदन म्हणाला. "जुना चार्जरमा सिलिकॉन ऱ्हास. ह्यामा गॅलियम नायट्राइड शे. म्हनीसन लहान शे, आन तापस बी कमी."

सासऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही हे बघून त्याने बाजारातला दाखला दिला. कुंदन तसा समंजस मुलगा.

"समजा, एक हमाल मोठं पोतं लई जास, पन दिनभरमा खेपा थोड्या. दुसरा लहान टोपली लई पयत पयत लाख खेपा मारस. माल तितलाच जास. पन पोतंवालाले मोठी जागा लागस, टोपलीवालाले टोपलीपुरती. जुना चार्जर पोतंवाला, हाऊ टोपलीवाला."

"आन घाम?"

"घाम बी कमी. जुनानी बरीच वीज नुसती तापामाच जास."

दाखला चोख होता. पण तो चुकीच्या माणसाला दिला होता. टोपलीने माल वाहणारा हमाल आप्पांनी आयुष्यात कामावर ठेवून घेतला नसता. त्यांनी मान डोलावली, चार्जर परत लावला आणि मनाशी पक्कं केलं, की पुण्यात कोणीतरी आपल्या जावयाला ठकवलंय.

आता दुसरा कोणी असता तर तोंडावर तसं बोलून मोकळा झाला असता. पण पहिल्या आखाजीला आलेल्या जावयाला तुम्ही फसलात असं सांगणं म्हणजे ताटात वाढलेल्या रसात माशी टाकण्यासारखं. आप्पा गप्प राहिले. गप्प राहिलेला माणूस शेजाऱ्याकडे जातो, त्याप्रमाणे ते हिलालभाऊंकडे गेले.

हिलालभाऊ समोरच्या घरात राहतात. वीजबिलं वाटण्याच्या कामातून ते निवृत्त झाले आहेत आणि बिलं वाटता वाटता वीजही आपल्याला समजली, असा त्यांचा समज आहे. जावई आंघोळीला गेल्याची संधी साधून आप्पांनी चार्जर खिशात घातला आणि दोघे नवनीत सोनाराच्या दुकानात गेले. आखाजीची खरेदी चालली होती. बायकांच्या मंगळसूत्रांच्या मध्येच नवनीतने चार्जर तराजूत ठेवला, आकडा वाचला आणि विचारलं, "आप्पा, मोडमा देवाना शे का?"

बायका हसल्या. आप्पांनी खाकरून विषय बदलला. पण काट्यावर बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या काट्यावर हसं होणं लागतं, ते त्यांना लागलं.

बाहेर आल्यावर हिलालभाऊंनी निकाल दिला. "आप्पा, हाऊ चार्जर नही. डबीमा हवा भरेल शे. आपला आठेनं व्होल्टेज कसं शे, तुमले माहीत शे. दिवा लागनबखत उतरस, आन उना तं असा येस की पंखा उडी जाई. एक दिन हाऊ फुटी, लॅपटॉप जयी जाई. लॅपटॉप जयना तं पाव्हना पुनाले जाई. पाव्हना गया तं पोर गयी."

शेवटचं वाक्य आप्पांच्या बरोबर काळजावर बसलं. काजल सासरी गेल्यापासून घर कसं झालं होतं हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. रमिलाबाई निदान मोठ्याने उसासे टाकायच्या. आप्पांच्या खात्यात उसासा बसत नव्हता, म्हणून ते संध्याकाळी काजलची सायकल पुसायचे. चालवणारं कोणी नव्हतं, पण सायकल लखलखीत होती. आता लेक आठ दिवसांसाठी आली होती आणि ते आठ दिवस दोन काडेपेट्यांएवढ्या वस्तूवर अवलंबून होते. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

मग पुढचं सगळं प्रेमापोटी घडलं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. आप्पा स्वतः अजून तेवढंच सांगतात.

बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात त्यांनी सर्वांत मजबूत चार्जर मागितला. दुकानदाराने गिऱ्हाईक एका नजरेत ओळखलं. त्याने वॅट सांगितले नाहीत, कंपनी सांगितली नाही. आतून एक काळाभोर ठोकळा आणला आणि म्हणाला, "आप्पा, बोलू नका. फक्त हातात धरा."

आप्पांनी धरला. हात खाली गेला आणि मन वर आलं. हा चार्जर. याला म्हणतात माल. हिलालभाऊंनीही धरून पाहिला आणि, "ह्यामा जीव शे," असं प्रमाणपत्र दिलं. इतक्या वर्षांत आप्पांनी हजारो शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा माल तपासला होता, आत हात घालून, खालचा थर वर काढून. हा एक माल मात्र त्यांनी वरूनच पास केला.

राहिला तो लहान चार्जर. हिलालभाऊंचा भाचा अक्कलकुव्याला मोबाईल दुरुस्त करतो. तो उघडून खरंखोटं सांगेल, मग जावयाला दुकानदाराशी भांडायला पुरावा होईल, अशी योजना ठरली. तिथून दोघे एका खासगी पार्सलवाल्याच्या ऑफिसात गेले. तिथे जामसिंग नावाचा तरुण कारकून बसला होता. मोठ्या पोत्यांसाठी असलेल्या काट्यावर त्याने चार्जरचं पुडकं ठेवलं. काट्याने शून्य दाखवलं.

"आप्पा, संगणक शून्य घेत नाही," जामसिंग ऑफिसच्या मराठीत म्हणाला. "वजन नाही म्हणजे पार्सल नाही. निदान एक किलो तरी भरलं पाहिजे."

आप्पांनी वाद घातला. नियम काय असतो हे ते जामसिंगच्या जन्माआधीपासून लोकांना समजावत आले होते, त्यामुळे वाद लवकर संपला. बाहेर गटाराचं काम चालू होतं. हिलालभाऊंनी तिथून अर्धी वीट आणली, ती पुडक्यात गेली, वरून दोरी बांधली आणि काटा समाधान पावला. जन्मभर दुसऱ्यांच्या मालातून दगड काढणाऱ्या माणसाने भर दुपारी मालात वीट घातली आणि त्याची रीतसर पावतीही घेतली. त्या वेळी त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

घरी येऊन आप्पांनी जावयाला नवा ठोकळा दिला. "आठेनं व्होल्टेज भलतंच शे. तुम्हना नाजूक चार्जर मी कपाटमा ठेई दिन्हा. हाऊ वापरा."

कुंदनने ठोकळा हातात घेतला. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे पाहिलं. "बरं मामा," म्हणाला आणि लावला.

संध्याकाळपर्यंत ठोकळा असा तापला की रमिलाबाईंनी त्याच्याजवळून जाताना पदर सावरला. "ह्यावर बट्ट्या भाजाई जातीन," त्या म्हणाल्या. आप्पांनी समजूत काढली, की ताकद असली की अंग गरम राहतंच. लॅपटॉपच्या बॅटरीचा आकडा चार्जर लावलेला असताना हळूहळू खाली येत होता. कुंदन पडद्याचा उजेड कमी करत करत शेवटी जवळजवळ अंधारात काम करायला लागला. तोंडाने मात्र काही बोलला नाही. मोबाईलसाठी त्याने शेजारच्या खोलीत आप्पांचाच जुना चार्जर लावला, तोही चोरून लावावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे आखाजीच्या आदल्या दिवशी, रमिलाबाई चुलीवर खापर ठेवून पुरणाच्या मांड्यांची तयारी करत होत्या. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि एकदम जोरात आली. ठोकळ्यातून बारीक फट असा आवाज निघाला आणि खोलीत जळक्या रबराचा वास पसरला. लॅपटॉपची बॅटरी आधीच संपत आली होती, आता तो पुरता बंद पडला.

काजल स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा उतरला होता. "आप्पा, दुपारले तेस्नी मोठी मीटिंग शे. कपाटमाईन तेस्ना चार्जर द्या. नही तं रातनी गाडीमा आम्हले जानं पडी."

"देस ना," आप्पा म्हणाले, "पन कपाटनी चावी हारपनी."

"कसी हारपनी?" चुलीजवळून रमिलाबाई म्हणाल्या. "मन्हा कंबरले शे." आणि त्यांनी पिठाच्या हातांनी चावी सोडून लेकीपुढे धरली.

काजलने कपाट उघडलं. आत शालू होता, आप्पांच्या सत्काराची शाल होती, जुनी चांदीची वाटी होती. चार्जर नव्हता. ती वळून बघते तोवर आप्पा चपला घालून फाटकाबाहेर पडलेले होते. पळून गेले असं म्हणता येणार नाही, पण त्या वयाचा माणूस भर उन्हात त्याहून वेगाने चालू शकत नाही.

वाटेत त्यांना एवढंच दिसत होतं की रात्रीच्या गाडीत काजल खिडकीजवळ बसली आहे आणि घरी मांडे तसेच पडले आहेत. दोष कोणाला द्यावा? गॅलियमला देता येत नव्हता, कारण ते बिचारं पार्सलात होतं.

पार्सल गेलंच नव्हतं. अक्कलकुव्याची गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला लागली होती. देव आहे, असं आप्पांना वाटलं. जामसिंगने पुडकं काढलं. त्याचा कोपरा फाटला होता आणि ते पिशवीसारखं लोंबत होतं. त्याने ते काट्यावर ठेवलं. शून्य.

"पावतीवर एक किलो आहे, आप्पा. कमी भरतंय. असं परत देता येत नाही."

"त्यात वीट होती."

"ती पडली बाहेर. आम्हाला वाटलं, कुणीतरी चुकून टाकली असेल. पार्सलात वीट कोण पाठवेल?" जामसिंगने हाताने दाखवलं. अर्धी वीट ऑफिसच्या कूलरच्या मोडक्या पायाखाली होती.

"मग काढा ती."

"कूलर पडेल."

"मी धरतो."

आप्पांनी कूलरला मिठी मारली. जामसिंगने वीट ओढली. कूलर कलला आणि त्याच्या पोटातलं अर्धं पाणी आप्पांच्या अंगावर आलं. त्या उन्हात ते खरं म्हणजे सुखाचं होतं, पण पार्सल घ्यायला आलेल्या दोन ओळखीच्या व्यापाऱ्यांसमोर नव्हतं. दोघांचीही ओली मिरची आप्पांनी याच हंगामात परत पाठवली होती. दोघांनी अदबीने नमस्कार केला. ओल्या माणसाला केलेला नमस्कार कसा असतो ते आप्पांना त्या दिवशी समजलं.

वीट पुडक्यात गेली, पुडकं काट्यावर गेलं आणि जामसिंगने पुन्हा मान हलवली. "आता जास्त भरतंय."

कूलर गळका होता. वीट रात्रभर त्याच्याखाली बसून पाणी पीत राहिली होती. काटा किलोच्या पुढे गेला होता आणि पावती किलोचीच होती. जास्त माल देणं हाही गुन्हाच, असं जामसिंगचं म्हणणं पडलं. आप्पांना रडावंसं वाटलं. मग त्यांच्यातला काट्यावरचा माणूस जागा झाला. त्यांनी ओली वीट उचलली, तळहातावर घेतली आणि बाजारात लागतो तो आवाज काढला.

"ओला माल आहे. ओलाव्याची कट लावा."

ही कट बाजारात सगळ्यांना ठाऊक असते. ओल्या मालाच्या वजनातून पाण्याचं वजन वजा करतात. जामसिंगने विचार केला, कागदावर कट लावली, वजन बरोबर किलोवर आणलं आणि सही घेऊन पार्सल परत दिलं. मागे उभे असलेले दोन्ही व्यापारी हा न्याय फार लक्ष देऊन बघत होते.

आप्पा घरी पोचले तेव्हा अंगावरचे कपडे वाळले होते, अब्रू मात्र ओलीच होती. बैठकीत काजल आणि रमिलाबाई बसल्या होत्या. बॅग भरलेली दिसत होती. कुंदनने मेलेला ठोकळा स्क्रू काढून उघडला होता आणि त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडले होते. एका बाजूला जळालेली बोटभर पट्टी. दुसऱ्या बाजूला लोखंडाचा एक जाडजूड तुकडा, गोंदाने चिकटवलेला, कुठल्याही तारेला न जोडलेला.

आप्पांनी तो तुकडा उचलला. हात खाली गेला. ठोकळ्याचं सगळं वजन त्यातच होतं. कापसातला दगड ओळखणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते जमिनीवर बसले, पिशवीतून लहान चार्जर काढला, वीट काढली आणि दोन्ही जावयापुढे ठेवून सगळं सांगितलं. सोनार सांगितला, पार्सल सांगितलं, कूलरसुद्धा सांगितला. फक्त सायकल पुसण्याचं सांगितलं नाही. ते रमिलाबाईंनी सांगितलं.

काजल हसत होती आणि डोळे पुसत होती. कुंदनने लहान चार्जर प्लगला लावला. लॅपटॉपवर दिवा लागला. मीटिंगला अजून थोडा वेळ होता.

"पाव्हना," आप्पांनी खाली बघत विचारलं, "हाऊ बोगस शे हाई तुमले कवय समजनं?"

"हातमा लिधा तवयच, मामा. इतलं वजन चार्जरले ऱ्हात नही."

"मंग लाया कसाले?"

कुंदन संकोचला. "तुम्ही दिन्हा व्हता. पहिली आखाजी शे. नही कसं म्हनू?"

एकाने दुसऱ्याला फसलात म्हणायचं नाही म्हणून चार्जर चोरला आणि दुसऱ्याने पहिल्याला फसलात म्हणायचं नाही म्हणून लॅपटॉप बंद पडू दिला. दोघेही मर्यादेने वागले होते आणि त्या मर्यादेपायी लेक रात्रीच्या गाडीत बसायला निघाली होती. पोरगी चांगल्या घरी पडली, एवढं त्यांना त्या क्षणी अगदी पक्कं कळलं. मग त्यांनी उठून कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत मीटिंगचं ऐकू आलं नसतं. भर वैशाखाच्या दुपारी ते टॉवेलने वारा घेत दाराबाहेर राखणीला बसले. काजलने बॅगेतले कपडे काढून परत दोरीवर टाकले.

थोड्या वेळाने हिलालभाऊ फाटकाशी आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आप्पा, काय निकाल लागना? चार्जर असली निंघना का डुप्लिकेट?"

आप्पा लगबगीने फाटकापर्यंत गेले. तोंडावर बोट ठेवून त्यांनी आतल्या खोलीकडे खूण केली.

"हळू बोल भो, पाव्हना काम करी ऱ्हायना," ते कुजबुजले. "चार्जर असलीच शे. सासरा डुप्लिकेट निंघना."